कृत्रिम लिपिड पटलांतील आयन वहन

कोशिकेभोवतीचे (पेशीभोवतीचे) पटल मुख्यत्वे लिपिड (मेदसदृश) रेणूंच्या दोन थरांचे व त्यांत रुतलेल्या प्रथिनांचे बनलेले असते. या द्विथराची प्रयोगशाळेत बनविलेली प्रतिकृती म्हणजे कृत्रिम लिपिड पटल होय. सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड इत्यादींचे आयन (विद्युत् भारित अणू वा अणुगट) अशा पटलातून कसे पार होतात, याच्या अभ्यासामुळे तंत्रिका संदेशांची (मज्जातंतूंतून जाणाऱ्या संदेशांची) व अनेक प्रतिजैविकांची क्रिया उलगडली. पुण्याजवळील पिंपरी येथे शोधण्यात आलेले हॅमायसीन हे अशा प्रतिजैविकांच्या गटातील आहे.

हॅमायसीन : पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स लि. ही शासकीय कंपनी १९५४ मध्ये स्थापन झाली. तेथील कवकवैज्ञानिक एम्. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनी १९६१ मध्ये हॅमायसीनाचा शोध जाहीर केला. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्याला पिंपरीवरूनच स्ट्रेप्टोमायसीज पिंप्रिना हे नाव देण्यात आले. अँफोटेरिसीन-बी याप्रमाणेच हॅमायसीनाच्या वलयी रेणूत एकाआड एक असे सात द्विबंध असतात. अशा संयुगांना पॉलिईन म्हणतात. ही प्रतिजैविके कवकांचा (बुरशींचा) नाश करतात. परंतु जंतूंवर त्यांचा सहसा परिणाम होत नाही, कारण बहुतेक जंतूंच्या पटलांत स्टेरॉले नसतात. कवकांच्या पटलात एर्गोस्टेरॉल, तर मानवी कोशिकांच्या पटलात कोलेस्टेरॉल असते. ही दोन्ही संयुगे रचनेने जवळची असल्यामुळे औषधाचा गुण व त्याची विषारी क्रिया एकाच मुळाशी येऊन भिडतात. जिवंत कोशिकेत अनेक क्रिया एकाच वेळी चालत असल्याने या प्रश्नाचा निर्णय करण्यास ज्ञात घटकांचे पटल आवश्यक होते.

इतिहास : पाण्यावर पसरलेला मेदाम्लाचा थर एकाच रेणूच्या जाडीचा असू शकतो, असे अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१७ मध्ये दाखविले. १९२५ मध्ये नेदर्लंड्समधील ई. गॉर्टर व एफ्. ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तकोशिकांतील लिपिडे पाण्यावर पसरून त्यांचे क्षेत्रफळ कोशिकांच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरते असे मांडले व त्यावरून द्विथराची कल्पना रूढ झाली. त्यांच्या मोजमापांत त्रुटी होत्या. परंतु निष्कर्ष टिकून राहिला. १९६२ मध्ये अमेरिकेतील पी. म्यूलर, डी. ओ. रूडिन, एच्. टी. टीएन व डब्ल्यू. सी. वेस्कॉट यांनी लवणाचे दोन विद्राव वेगळे ठेवणाऱ्या पडद्यातील बारीक छिद्रावर लिपिडाचा लेप देऊन द्विथर तयार केला. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने त्याची जाडी फारच कमी असल्याने त्याच्या दोन्ही पृष्ठांवरून परावर्तित झालेले प्रकाशकिरण एकमेकांस नष्ट करतात व तो काळा दिसतो. म्हणून त्यास काळे लिपिड पटल म्हणतात.

आयनांचे मार्ग : शुद्ध लिपिड पटलाची जाडी सुमारे ४ ते ५ नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मीटरचा एक अब्जांश भाग) असूनही त्याचा विद्युत् रोध फार मोठा असतो. पाण्यातून तेलकट अंतर्भागात शिरण्यास आयनाला पुष्कळ ऊर्जा लागते, हे त्याचे कारण होय. हा अडसर दोन प्रकारे दूर होतो. व्हॅलिनोमायसीन पोटॅशियमाच्या आयनाला वेढून पलीकडे नेते, म्हणजे ते वाहक आहे. ग्रॅमिसिडीन-ए याचे दोन रेणू टोकाला टोक लागून नलिका बनवितात. एस्. बी. हलॅड्की व डी. ए. हेडन यांनी १९७० मध्ये अशा नलिका एकेक उघडताना व मिटताना विद्युत् प्रवाहात होणारे पायरीसारखे बदल नोंदविले. एका नलिकेतून सेकंदाला सुमारे एक कोटी आयन जाऊ शकतात. त्याच वर्षी ए. फिंकेलस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अँफोटेरिसीन-बी व निस्टॅटीन ही पॉलिईने स्टेरॉलयुक्त पटलांत आयनांना पार होऊ देणारी छिद्रे पाडतात असे दाखविले. प्रतिजैविकाचे प्रमाण थोडे वाढविताच संवाहकता अनेक पटींनी वाढते. यावरून एका छिद्रासाठी अनेक रेणू एकत्र येतात असा निष्कर्ष निघाला.

घन पृष्ठभागावरील पटले : काळे पटल नाजूक असते व पुष्कळदा थोड्याच तासांत फाटते. १९८५ मध्ये एल्. के. टॅम व एच्. एम्. मॅकॉनेल यांनी द्विथराला घन पृष्ठभागाचा आधार देण्याची पद्धती वर्णन केली. पटल व पृष्ठभाग यांच्यामध्ये एकदोन नॅनोमीटर जाडीचा पाण्याचा थर राहतो. त्यामुळे लिपिड रेणू द्रवाप्रमाणे सरकू शकतात. परंतु एवढ्या अरुंद जागेत आयन फारसे मावत नाहीत व मोठी प्रथिने पृष्ठभागाला चिकटतात. यावर उपाय म्हणून गंधकयुक्त लांब रेणूंनी पटल सोन्याला बांधण्यात येऊ लागले. येथे सोने हेच विद्युत् अग्र असते. त्यात आयन शिरू शकत नसल्यामुळे प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशांनी वाहणारा) प्रवाह लावून पटलाचा रोध व विद्युत् धारणा मोजतात. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील बी. ए. कॉर्नेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पटलातील ग्रॅमिसिडीन नलिकांचा उपयोग करून जैव संवेदक (विशिष्ट रेणू ओळखणारे साधन) तयार केला.

पॉलिईनांसंबंधीचा निर्णय मात्र पुढे बदलला. अँफोटेरिसीन-बी कवकाच्या पटलातील एर्गोस्टेरॉलाला बांधून ठेवते, किंबहुना ते पटलाबाहेर ओढून घेते. हेच कवक मरण्याचे मुख्य कारण असून छिद्रे पडणे दुय्यम आहे, असे २०१२ व २०१४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. अर्थात कृत्रिम पटलातील मोजमापे त्यामुळे चुकीची ठरत नाहीत. आयन गळतात हे खरे, परंतु कोशिका केवळ त्यामुळेच मरते असे नाही. हॅमायसीनाचा वापर मुख्यतः तोंडातील व त्वचेवरील कवक संसर्गावर बाहेरून लावण्यापुरता राहिला. त्याची विषारी क्रिया कमी करण्यासाठी ते लिपिडाच्या सूक्ष्म पोकळ गोलकांत भरून भारतात उंदरांवर प्रयोग झाले. अशा गोलकांत भरलेले अँफोटेरिसीन-बी आज गंभीर कवक रोगांवरील एक प्रमुख औषध आहे. ज्या लिपिड पटलावर या औषधांची क्रिया प्रथम मोजली गेली, तेच येथे रुग्णाच्या मूत्रपिंडाचे औषधापासून रक्षण करण्यास उपयोगी पडते.