चामड्याची नाव : कयाक आणि तुंगभद्रेचा हरिगोल

हलक्या सांगाड्यावर कातडे ताणून बसवलेल्या नावेला चर्मनौका म्हणतात. कयाक हे तिचे जगप्रसिद्ध उदाहरण. दुसरे उदाहरण आपल्या दख्खनच्या नद्यांत आजही गोल गोल फिरत असते. या टिपणात दोन्हींचा इतिहास एकत्र पाहू.

1. कयाक

आर्क्टिक किनाऱ्यावर झाडे उगवत नाहीत. त्यामुळे इनुइट लोकांनी वाहून आलेले लाकूड व देवमाशाची हाडे यांचा सांगाडा केला आणि त्यावर सीलचे कातडे शिवले. ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर सुमारे 4000 वर्षांपूर्वीच्या कयाकचे अवशेष सापडले आहेत. कयाक एकट्या शिकाऱ्याची. तिचे माप त्याच्या हाताच्या वितीवावांनी घेतले जाई. अरुंद व लांब असल्याने ती आवाज न करता वेगाने जाते. कुटुंब आणि सामान नेण्यासाठी उमियाक ही मोठी, उघडी नाव वेगळी असे.

2. हरिगोल

कन्नड भाषेत हरिगोलु म्हणतात ती बांबूच्या कामट्यांची, टोपलीसारखी गोल नाव. विजयनगरला आलेला पोर्तुगीज प्रवासी दोमिंगो पायस याने 1520 च्या सुमारास तिचे वर्णन केले आहे : आत वेत, बाहेर चामडे, एका वेळी पंधरा-वीस माणसे, गरज पडल्यास घोडे-बैलही पार होत, मात्र नाव सरळ न जाता सारखी फिरत राही.

हा आकार अडाणीपणाचा नव्हे. ठरावीक परिघात सर्वाधिक क्षेत्रफळ वर्तुळाचे असते, म्हणजे कमी साहित्यात जास्त भार. शिवाय तळ सपाट असल्याने नाव उथळ, खडकाळ पात्रातही चालते. वेग मात्र मिळत नाही. कयाकने वेग निवडला, हरिगोलाने भार.

3. नाव आणि राजकारण

1803 मध्ये आर्थर वेलस्ली पुण्याकडे निघाला. पावसाळ्यात मलप्रभा, घटप्रभा, कृष्णा भरून वाहतात, हे ओळखून त्याने टोपली-नावा बांधून ठेवण्याचे हुकूम दिले. पूर आला की घोडदळ अडते. ज्याच्याकडे नावा, तो पुढे जातो, हे त्याचे गणित होते. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचा अभ्यास करताना तोफांबरोबर या टोपल्याही लक्षात घ्याव्यात. ही विद्या इंग्रजांनी आणलेली नव्हती. ती नदीकाठच्या कारागिरांची होती.

4. पुढे काय झाले?

युरोपात कयाकला नवे रूप मिळाले. 1907 मध्ये योहान क्लेपर याने घडीच्या कयाकचे हक्क घेऊन उत्पादन सुरू केले, आणि 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कयाकच्या शर्यती अधिकृतपणे आल्या. पुढे कातड्याची जागा फायबरग्लास व प्लास्टिकने घेतली. हरिगोलावरही आता चामड्याऐवजी प्लास्टिकचा कागद आणि डांबर असते.

फरक मानाचा आहे. कयाक खेळ झाली. तिचे मूळ इनुइट नाव जगभर टिकले, पण शोधकर्ते समाज बहुधा तळटीपेत राहिले. हरिगोल पर्यटकांची गंमत ठरला, तरी गावकऱ्यांसाठी तो रस्ताच होता. 2009 मध्ये आनेगुंदीजवळ बांधकाम चालू असलेला पूल कोसळला, त्यानंतरही लोक नावेनेच पार होत राहिले. एखाद्या तंत्राला ‘मागास’ म्हणण्यापूर्वी ते कोणते काम कोणत्या साहित्यात भागवते, हे तपासावे.

स्वाध्याय

1. समान परिघाच्या वर्तुळाकार व लांबट तळांच्या क्षेत्रफळांची तुलना करा.
2. आपल्या जिल्ह्यातील नदीवर पूल होण्याआधी लोक कसे पार होत, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून एक पान लिहा.