पीर म्हणजे कोण, पीर म्हणजे कुठे?

समुद्रपूर तालुक्यातील गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. हिंदू, मुसलमान दोघेही तिथे जातात आणि दोघेही त्याला एकाच शब्दाने ओळखतात: पीर. दोन अक्षरांचा शब्द. पण वर्गात तो शिकवायला घेतला की एक तास पुरत नाही.

फारसीत 'पीर' म्हणजे म्हातारा, एवढेच. वयाबरोबर शहाणपण येते, म्हणून सूफींनी गुरूला पीर म्हटले. अरबीतल्या 'शेख'चा प्रवासही असाच: आधी वृद्ध, मग आदरणीय. पालीतला 'थेर' म्हणजे वृद्ध भिक्खू. आपल्या मराठीत मात्र त्याच शब्दाचा 'थेरडा' झाला! म्हातारपणाला मान द्यायचा की हिणवायचे, हे शब्द नाही, बोलणारा ठरवतो.

उर्दूत 'पीर' म्हणजे सोमवारसुद्धा. गंमत अशी, की मराठी मुलखात पिराचा वार गुरुवार. ब्रज आणि हिंदीतला 'पीर' तर वेगळ्याच घरचा. तो संस्कृत 'पीडा'पासून आला, अर्थ वेदना. दुसऱ्याची पीर ओळखतो तोच खरा पीर, असा श्लेष कबीरांच्या नावावर सांगितला जातो.

मराठीने यात स्वतःची भर घातली. उर्दूत पीर म्हणजे माणूस, बहुधा हयात गुरू. मराठीत पीर म्हणजे ठिकाणही: 'पिरावर जाऊन येतो', 'पिराच्या माळावर'. मोहरमात बसणारे पंजेही पीरच. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शहाशरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते.

हा फरक लक्षात घेतला तर एक जुना वाद सुटतो. बाबा फरीद गंजशकर तेराव्या शतकातले; त्यांची कबर पाकिस्तानातल्या पाकपट्टणला आहे आणि त्यांची वाणी शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात. मग गिरडला काय आहे, असे कुणी विचारतो. उर्दू अर्थाने पीर पाकपट्टणला निजले आहेत. मराठी अर्थाने गिरडचा पीर गिरडलाच आहे. कारण इथे पीर म्हणजे लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जिथे डोके टेकवले ती जागा.

टेकडीवर सापडणारे गोल दगड म्हणजे बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालातले नारळ, असे लोक सांगतात. भूगर्भशास्त्र त्यांना खनिजाचे गोळे म्हणते. दगड तेच, नावे दोन. शब्दांचेही तसेच. पीर कुणाचा, असा प्रश्न हल्ली फार विचारला जातो. त्याआधी विचारणाऱ्याने सांगावे, आपण कोणता अर्थ धरला आहे. कारण या शब्दाच्या एकाही मूळ अर्थात धर्म नाही. म्हातारपण आहे, शहाणपण आहे आणि वेदना आहे.