सहा इंचांचे दार : इंग्लंडची धुराडी, त्यांत चढणारी मुले आणि भिंतीतील एक मोकळी जागा

१. २९ मार्च १८१३, सकाळचे आठ. लंडनच्या अप्पर टेम्स स्ट्रीटवरील बिअर गाळण्याच्या एका कारखान्यात धुराडे साफ करण्यासाठी ग्रिग्ज नावाचा सफाईवाला आला. त्याच्याबरोबर त्याच्या हाताखालचा मुलगा होता : थॉमस पिट, वय सुमारे आठ वर्षे. शेगडी पहाटे दोनपासून पेटलेली होती. ग्रिग्जने विस्तव विझवला आणि लगेच माथ्याकडून मुलाला धुराड्यात उतरवले.

२. थॉमस परत वर आला नाही. धुराड्याच्या आतील विटा अजून धगधगत होत्या आणि खाली शेगडीतून एक लोखंडी नळी आत डोकावत होती. मालकाने वरून हाका मारल्या. मुलाला वर येता येईना. अखेर जवळपास काम करणाऱ्या गवंड्याला बोलावण्यात आले. त्याने शेगडीच्या अगदी वरच्या बाजूचे वीटकाम फोडले आणि त्या भोकातून मुलाला बाहेर काढले. डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण तो वाचला नाही.

३. ही हकिगत चार वर्षांनी ब्रिटिश पार्लमेंटच्या चौकशी समितीसमोर नोंदवली गेली. तिच्यात एक तपशील सहज निसटून जातो. गवंड्याने जेथे भोक पाडले, त्याच ठिकाणी आधीपासून एक लहान दार असते, तर मुलाला आत उतरवण्याची गरजच कदाचित पडली नसती. पुढची साठ वर्षे इंग्लंडमध्ये झालेला एक मोठा वाद या न ठेवलेल्या दाराभोवती फिरत राहिला.

४. आजच्या इमारतींत अशी दारे सर्वत्र असतात. फॉल्स सीलिंगमधील उचलता येणारा चौकोन, न्हाणीघराच्या भिंतीत नळाच्या कॉकसमोरचे झाकण, डक्टवरची पत्र्याची झडप. वास्तुविशारद त्यांना ॲक्सेस पॅनेल म्हणतात. जी यंत्रणा भिंतीआड किंवा छताआड लपवली आहे, तिच्यापर्यंत दुरुस्ती आणि सफाईसाठी माणसाचा हात पोहोचावा, एवढाच त्यांचा हेतू. हा हेतू कायद्यात कसा उतरला, याची एक वाट इंग्लंडच्या धुराड्यांतून जाते.

५. प्रथम धुराड्यांचा प्रश्न समजून घ्यावा लागेल. १६६६च्या भीषण आगीनंतर लंडन पुन्हा बांधले गेले ते विटांनी. त्याच काळात घरगुती जळण म्हणून लाकडाची जागा दगडी कोळसा घेत होता. कोळशाच्या धुराला चांगला ओढ मिळण्यासाठी धूरनळी अरुंद असावी लागते. चौदा इंच लांब आणि नऊ इंच रुंद हे तिच्या पोकळीचे प्रचलित माप ठरले. काही नळ्या याहूनही लहान असत.

६. घरे तीन-चार मजली होती आणि जवळजवळ प्रत्येक खोलीत शेगडी होती. प्रत्येक शेगडीची स्वतंत्र नळी भिंतीच्या जाडीतून वर जाई. तळमजल्याच्या नळीला पहिल्या मजल्यावरील शेगडी चुकवून वळावे लागे, पुढे दुसरीला वळसा घालावा लागे, आणि शेवटी छतावरील एकाच स्तंभात साऱ्या नळ्या एकत्र येत. त्यामुळे बाहेरून सरळ दिसणाऱ्या भिंतीच्या पोटात तिरप्या, काटकोनी, क्वचित पूर्ण आडव्या नळ्यांचे जाळे असे.

७. कोळशाची काजळी या वळणांवर साचते. ती वेळच्या वेळी काढली नाही तर नळी तुंबते, धूर खोलीत परततो आणि काजळीच पेट घेऊन घराला आग लागण्याचे भय राहते. म्हणजे भिंतीत लपवलेल्या या नळीपर्यंत कोणीतरी नियमितपणे पोहोचणे अनिवार्य होते. बांधणाऱ्याने त्यासाठी वाट ठेवली नव्हती. मग नळीतूनच जाऊ शकेल एवढ्या अंगाचा माणूस शोधला गेला. तो माणूस म्हणजे सहा ते दहा वर्षांचे मूल.

८. गरीब आईबाप किंवा स्थानिक पॅरिश अशी मुले उमेदवार म्हणून सफाईवाल्याच्या स्वाधीन करीत. गुडघे, कोपर आणि पाठ यांच्या आधाराने ती नळीत वर सरकत. कातडी सोलून निघे, म्हणून ती घट्ट व्हावी यासाठी कोपर आणि गुडघे खारट पाण्याने विस्तवाजवळ चोळले जात. वळणावर पाय घसरला तर गुडघे हनुवटीला भिडून शरीराची पाचर बसे. वरची काजळी अंगावर कोसळली तर श्वास कोंडे.

९. १७७५ मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी या व्यवसायातील पुरुषांना होणाऱ्या अंडकोशाच्या कर्करोगाचे वर्णन केले आणि त्याचा संबंध काजळीशी जोडला. एखाद्या व्यवसायामुळे कर्करोग होतो, हे दाखवणाऱ्या वैद्यकीय नोंदींत ही अगदी आरंभीची मानली जाते. म्हणजे जो मुलगा धुराड्यातून सुखरूप बाहेर येई, त्याचाही धोका तेथे संपत नसे.

१०. १७८८ मध्ये जोनास हॅनवे यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर पहिला कायदा झाला. आठ वर्षांखालील मुलांना उमेदवार म्हणून घेऊ नये, असे त्यात होते. अंमलबजावणीची यंत्रणा मात्र नव्हती. शिवाय या कायद्याने मुलाचे वय पाहिले, धुराड्याची बांधणी पाहिली नाही. जोवर नळीला दुसरी वाट नव्हती, तोवर लहान अंगाच्या मुलाची मागणी कायम राहणार होती.

११. १८०३ मध्ये लंडनमध्ये एक संस्था स्थापन झाली. धुराड्यांत मुले चढवण्याची गरजच संपवावी, हे उद्दिष्ट तिने आपल्या नावातच नोंदवले होते. त्याच सुमारास जॉर्ज स्मार्ट यांनी यंत्र तयार केले. पोकळ लाकडी नळ्या एकापुढे एक जोडायच्या, आतून दोरी ओवायची आणि टोकाशी छत्रीसारखा उघडणारा ब्रश बसवायचा. १८२८ मध्ये जोझेफ ग्लास यांनी त्यात सुधारणा करून लवचिक वेताच्या काठ्या एकमेकींना जोडून वर सरकवण्याची पद्धत आणली. तिचे पुढचे रूप आजही वापरात आहे.

१२. सरळ नळीत हे यंत्र उत्तम चाले. थोडे वळण असेल तर वेत वाके. माथ्यावरून दोरीने लोखंडी गोळा आणि ब्रश सोडण्याचीही पद्धत होती. अडचण उरे ती काटकोनी आणि आडव्या नळ्यांची. तेथे काठी अडे आणि गोळा थांबे. अशा नळ्या एकूण धुराड्यांत थोड्याच होत्या, हे सरकारी बांधकाम खात्याच्या तपासणीतही दिसून आले. पण त्या थोड्या नळ्यांचा दाखला देऊन सगळीच प्रथा टिकवली जात होती.

१३. उपाय साधा होता. वळणाच्या जागी भिंतीत लहान लोखंडी दार बसवायचे. ते उघडून ब्रश आत घालायचा, आडव्या भागातील काजळी ओढून काढायची आणि दार पुन्हा घट्ट लावायचे. दार लोखंडीच हवे, कारण आत उष्णता असते. चौकटीत फट नको, नाहीतर खोलीत धूर येतो आणि नळीचा ओढही मोडतो. जवळ लाकूडकाम नको. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते हात पोहोचेल अशा ठिकाणी हवे.

१४. विरोध झाला तो खर्चाच्या आणि भीतीच्या नावाने. १८०४ मध्ये कॉमन्सने संमत केलेले विधेयक लॉर्ड्स सभेने फेटाळले. १८१७ मध्ये हेन्री ग्रे बेनेट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने थॉमस पिटसारख्या कित्येक मुलांच्या हकिगती पार्लमेंटसमोर ठेवल्या. त्यानंतर आलेली विधेयकेही १८१९ पर्यंत लॉर्ड्समध्येच अडली.

१५. त्या वर्षीचा एक लेख या संदर्भात वाचण्यासारखा आहे. ‘एडिंबरा रिव्ह्यू’चे एक संस्थापक, धर्मगुरू आणि लेखक सिडनी स्मिथ यांनी समितीच्या अहवालातील यातना त्यात एकामागून एक मांडल्या. एवढे सगळे लिहून झाल्यावर त्यांनी निष्कर्ष काढला की लॉर्ड्सनी विधेयक फेटाळले ते योग्यच झाले. जुन्या घरांतील पुष्कळशी धुराडी दुसऱ्या कोणत्याही मार्गाने साफ होणे शक्य नाही. मुलांचे हाल त्यांना दिसत होते. तरीही भिंत बदलता येते, हा विचार त्या युक्तिवादात मागे पडला.

१६. १८३४च्या कायद्याने प्रथमच सफाईवाल्यांच्या उमेदवारांबरोबर धुराड्यांच्या सुरक्षित बांधणीचाही विषय हाती घेतला. निर्णायक तरतूद आली ती १८४० मध्ये. या कायद्याने एकवीस वर्षांखालील कोणालाही धुराड्यात चढवणे बेकायदा ठरवले आणि सोळा वर्षांखालील उमेदवारांना मनाई केली. त्याचबरोबर नवीन धूरनळ्यांत १२० अंशांहून लहान कोन नसावा, असेही सांगितले.

१७. त्याला एक सवलत होती. नव्वद अंशांपर्यंतचे वळण ठेवता येईल, पण तेथे किमान सहा इंच चौरसाचे योग्य दार किंवा झडप असली पाहिजे. इमारतीच्या भिंतीतील देखभालीच्या दारासाठी कायद्याने घातलेली ही मोजकी, स्पष्ट अट होती. बांधणाऱ्यापुढे आता दोनच पर्याय राहिले : नळी सरळ ठेवा, नाहीतर वळणावर दार ठेवा.

१८. या दोन मापांची तुलना करावी. चौदा बाय नऊ इंचांच्या नळीत मूल शिरते. सहा इंचांच्या चौकोनातून ब्रश जातो, हात जातो, मुलाचे खांदे जात नाहीत. कायदा करणाऱ्यांनी तुलना अशी मांडली होती असे नाही. त्यांनी फक्त किमान आकार ठरवला. पण सफाईची वाट माणसाच्या शरीराऐवजी अवजाराच्या मापाने काढली गेली, हे त्या आकड्यांवरून उघड दिसते.

१९. मग प्रथा संपली का? नाही. अट नव्या बांधकामाला लागू होती, आणि इंग्लंडची बहुतेक घरे जुनी होती. आपल्या दिवाणखान्याची भिंत फोडून त्यात लोखंडी झडप बसवणे अनेक मालकांना मान्य नव्हते. यंत्राने घरभर काजळी उडते, अशीही तक्रार असे. मुले चोरून चढवली जात आणि दंडाधिकारी दुर्लक्ष करीत. १८६३ मध्ये बालकामगारांविषयीच्या आयोगाला ही प्रथा अनेक शहरांत राजरोस चालू असल्याचे आढळले. त्याच वर्षी चार्ल्स किंग्जली यांची ‘द वॉटर बेबीज’ ही कादंबरी पुस्तकरूपाने आली. तिचा नायक टॉम हा धुराड्यात चढणारा मुलगा आहे.

२०. १८६४ मध्ये लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या पुढाकाराने शिक्षा कडक झाल्या. तरीही फेब्रुवारी १८७५ मध्ये केंब्रिजजवळील फुलबर्न येथील मनोरुग्णालयात विल्यम वायर या सफाईवाल्याने जॉर्ज ब्रूस्टर या अकरा-बारा वर्षांच्या मुलाला धूरनळीत पाठवले. तो आत अडकला. त्याला बाहेर काढण्यासाठी भिंत पाडावी लागली. थोड्याच वेळात त्याचा मृत्यू झाला. मनुष्यवधाच्या गुन्ह्याखाली वायरला सहा महिने सक्तमजुरी झाली.

२१. थॉमस पिटपासून जॉर्ज ब्रूस्टरपर्यंत बासष्ट वर्षे. दोन्ही वेळा मूल आत गेल्यावर भिंत फोडली गेली. फरक एवढाच की १८१३ मध्ये त्या जागी दार ठेवण्याचा नियम नव्हता, आणि १८७५ मध्ये नियम होऊन पस्तीस वर्षे उलटली होती.

२२. त्याच वर्षी शाफ्ट्सबरींनी नवा कायदा संमत करून घेतला. प्रत्येक सफाईवाल्याला पोलिसांकडून दरवर्षी प्रमाणपत्र घेणे बंधनकारक झाले आणि कायदा मोडणाऱ्याचा धंदाच बंद होऊ लागला. देखरेख करणारी यंत्रणा प्रथमच उभी राहिली. मुले धुराड्यांतून बाहेर आली, आणि जुन्या भिंतींत झडपा बसवण्याचे काम टाळणे मालकांना अवघड झाले.

२३. या इतिहासातून एक गोष्ट लक्षात राहावी. इमारतीचा आराखडा काढताना यंत्रणा लपवण्याचा निर्णय आणि तिच्यापर्यंत पोहोचण्याचा निर्णय एकाच वेळी घ्यावा लागतो. दुसरा निर्णय टाळला तर तो नाहीसा होत नाही. पुढे कधीतरी दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर येऊन पडतो. इंग्लंडमध्ये तो जवळजवळ दोन शतके मुलांच्या अंगावर पडत होता.

२४. ब्रिटनमधील काही जुन्या घरांत पोटमाळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीत, धुराड्याच्या वळणापाशी, काळी पडलेली लहान लोखंडी दारे अजून दिसतात. बऱ्याच ठिकाणी त्यांवर रंगाचे थर चढले आहेत आणि ती वर्षानुवर्षे उघडलेली नाहीत. हाताच्या पंज्याहून किंचित मोठी एवढीच त्यांची जागा. ती जागा भिंतीत ठेवावी हे मान्य करून घेण्यासाठी १८०३ पासून १८७५ पर्यंतचा काळ लागला.

(धागा समाप्त)