घरातील विजेचा पहारेकरी

घरात मोठा अ‍ॅम्प्लिफायर यावा, हौसेने बटण दाबावे, आणि पहिला सूर उमटण्यापूर्वीच दिवे मालवावेत, हा प्रसंग संगीतप्रेमी कुटुंबांना अपरिचित नाही. दोष मात्र भिंतीवरच्या एमसीबीच्या माथी येतो. वस्तुतः या कलहाचा इतिहास बराच जुना आहे.

१८३१ च्या ऑगस्टमध्ये मायकेल फॅरडे यांनी लंडन येथे लोखंडी कड्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एकातील प्रवाह चालू वा बंद होताच दुसऱ्यात क्षणिक प्रवाह उत्पन्न होई. याच तत्त्वावर बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातील झिपर्नोव्स्की, डेरी व ब्लाथी या त्रयीने १८८५ मध्ये व्यवहारोपयोगी ट्रान्सफॉर्मर सिद्ध केला. ट्रान्सफॉर्मर जोडताच क्षणभर प्रवाहाचा लोंढा येतो, हे जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी १८९२ मध्ये नोंदविले. आरंभीच्या त्या क्षणी लोखंडाची चुंबकत्व सामावण्याची शक्ती संपते आणि वेटोळ्याचा विरोध जवळजवळ नाहीसा होतो. कड्याच्या आकाराच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये हा लोंढा विशेष प्रबळ असतो. त्यात अ‍ॅम्प्लिफायरमधील रिकाम्या कंडेन्सरांच्या मागणीची भर पडते.

पहारेकऱ्याचा जन्म नंतरचा. पूर्वी हे काम वितळतार करी व स्वतः जळून घर वाचवी. १९२४ मध्ये जर्मनीतील मानहाइम येथे ह्यूगो श्टोट्स यांच्या कारखान्यात पुनःपुन्हा वापरता येईल असा छोटा स्वयंचलित खटका तयार झाला. त्याला दोन ज्ञानेंद्रिये आहेत. दोन धातूंची पट्टी दीर्घकाळच्या अतिभाराने तापून वाकते. विद्युच्चुंबक मात्र मोठा लोंढा येताच खटका पाडतो. तो लोंढा अ‍ॅम्प्लिफायरचा की तारा एकमेकींना भिडल्याचा, हे त्या चुंबकाला कळत नाही.

म्हणून खटका केव्हा पडतो, हे प्रथम पाहावे. बटण दाबताक्षणी कधी पडला, कधी तगला, तर कारण बहुधा आरंभीचा लोंढा. काही मिनिटांनी पडला, तर त्या मार्गावर भार अधिक. प्रत्येक वेळी तत्काळ पडला, तर यंत्रातच बिघाड संभवतो. गळती ओळखणारा आरसीसीबी पडत असेल, तर वीज भलत्याच वाटेने जमिनीकडे जात आहे असे समजावे, व तपासणीपूर्वी यंत्रास हात लावू नये.

लोंढ्यावर उपाय आहेत. यंत्रात आरंभी क्षणभर रोधक मध्ये घालून नंतर रिलेने तो वगळण्याची योजना करता येते. ‘बी’ जातीचा खटका नियत प्रवाहाच्या ३ ते ५ पट लोंढ्याला तत्काळ पडतो, ‘सी’ जातीचा ५ ते १० पटीला. तेव्हा जाणत्या वायरमनकडून तारा तपासून घेऊन तितक्याच अँपिअरचा ‘सी’ खटका बसविता येतो. अँपिअर वाढविणे मात्र घातक होय. पूर्वी कित्येक घरांत वितळतारेच्या जागी जाड तांब्याची तार अडकवीत, त्याच चुकीची ही सुधारलेली आवृत्ती आहे. मग खटका पडत नाही, पण भिंतीतील तार तापत राहते, आणि ती पेटेपर्यंत घरातील कुणालाही त्याचा सुगावा लागत नाही.