दुपारी झोपतं कोण?

मागच्या सर्वसाधारण सभेत ‘दुपारी दोन ते चार ड्रिलिंग बंद’ हा विषय निघाला, तेव्हा एका तरुण सभासदाने विचारलं, “काका, दुपारी झोपतं कोण?” सगळे हसले, मीही हसलो. उत्तर मात्र घरी आल्यावर सुचलं, ते स्मरणिकेत देतो.

मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये उभारायला घेतली आणि १८५६ मध्ये ती सुरू झाली. सुरुवातीला काम उजेडावर चाले, म्हणजे निदान रात्र कामगाराची होती. विजेचे दिवे आले आणि दिवस लांबला. पुढे १९११ च्या कायद्याने गिरणीतल्या पुरुषांचे तास बारावर आणले, १९२२ मध्ये ते अकरा झाले, १९४८ च्या कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. माणसाचे तास कमी झाले, पण यंत्र थांबवायचं नव्हतं. म्हणून पाळ्या आल्या: सकाळी सात ते साडेतीन, साडेतीन ते रात्री बारा आणि बारा ते सकाळी सात.

राहायला काय होतं? वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळींचंच बघा. तळमजला अधिक तीन मजले, मधे अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या. एका इमारतीत ८०, आणि खोली १६० चौरस फुटांची. गावाहून एकटे आलेले गडी एकेका खोलीत दाटीने राहत. एक पाळीला गेला की त्याच्या जागेवर दुसरा आडवा व्हायचा.

आमची चाळ खाजगी, पण कथा तीच. बाबा साचाखात्यात होते. तिसऱ्या पाळीहून साडेसातला येत, चहा घेत आणि माळ्यावर जाऊन झोपत. नेमकी तेव्हाच चाळ जागी व्हायची. नळावरची भांडणं, स्टोव्हचा भर्रर्र आवाज, धुण्याचे धोपटे, रेडिओ आणि आम्ही पोरं!

तरी बाबा झोपायचे, कारण कुणाची कुठली पाळी हे अख्ख्या मजल्याला पाठ असे. शेजारच्या काकू मिरच्या कांडायच्या आधी आईला विचारत, “भावोजींची रातपाळी आहे का गं?” असली तर उखळ खाली चौकात जाई. याची नोटीस कुणी लावली नव्हती.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले अनेक परत आत गेलेच नाहीत. बाबा पुढे एका इमारतीत वॉचमन झाले. पुन्हा रातपाळीच, फक्त पगार कमी.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. म्हणजे कायद्याच्या हिशेबी माणूस रात्रीच झोपतो. दिवसा झोपणाऱ्याचं रक्षण कायद्यापेक्षा शेजाऱ्याच्याच हातात असतं.

आता कबुली देतो. गेल्या वर्षी माझ्या किचनचं काम निघालं, तेव्हा ऐन दुपारी ड्रिल चालू होतं. आपला रात्रीचा वॉचमन खाली पंपाच्या खोलीशेजारी झोपतो, हे मला ठाऊक होतं. तो काही बोलला नाही. संध्याकाळी लाल डोळ्यांनी गेट उघडून त्याने नेहमीसारखा नमस्कार केला. वॉचमनचा मुलगा असून मला विचारायचं सुचलं नाही.

तर मित्रा, दुपारी तो झोपतो. आपल्यातले हॉस्पिटलात आणि कॉल सेंटरला रात्रपाळी करणारेही झोपतात. ठराव मंजूर होईल तेव्हा होवो, तोवर ड्रिल लावण्याआधी एकदा खाली जाऊन विचारू या.