गोळीच्या पोटातली अफू

आम्ही मरोळच्या बायका. इथल्या औद्योगिक वसाहतीत दिवसभर उभं राहून काम, त्यामुळे कंबर दुखते. तुमची शेतात वाकून दुखते. पाळीच्या कळा तर दोघींनाही. म्हणून आज दुखण्यावरच्या गोळीचा इतिहास सांगतो.

मुंबईत अफूची गोळी जुनीच. गिरणीत जाणाऱ्या आया बाळ झोपून राहावं म्हणून त्याला बाळगोळी देत. तिच्यात अफू असे. १९२२ साली डॉ. बार्न्स या सरकारी डॉक्टरबाईंनी अहवालात लिहिलं, की कामगार बायकांच्या १०० पैकी ९८ बाळांना अफू दिली जाते. त्या आया निर्दयी नव्हत्या. बाळाला बघायला घरी कुणी नव्हतं.

पुढे अफूच्या जातीची औषधं कारखान्यात बनू लागली, आणि साध्या पॅरासिटामॉलसोबत एकाच गोळीत आली. पोटातल्या कळांवरची स्पास्मो-प्रॉक्झिव्हॉन कॅप्सूल कित्येकींना आठवत असेल. तिच्यात प्रोपॉक्सिफिन होतं. ते जास्त झालं तर श्वास मंदावतो, हृदयाचे ठोके बिघडतात. ब्रिटनने २००५ पासून ते हटवायला घेतलं, अमेरिकेत २०१० मध्ये थांबलं, भारताने २०१३ मध्ये बंदी घातली. नंतर त्याच नावापुढे ‘प्लस’ लावलेल्या कॅप्सूलमध्ये ट्रॅमाडॉल आलं. तेही अफूच्याच जातीचं. २०१८ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं गेलं. २०२५ च्या फेब्रुवारीत टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल या जोडगोळीवर सरकारने कारवाई केली. पश्चिम आफ्रिकेतली तरुण मुलं तिच्या नादी लागली होती.

म्हणजे नाव तेच राहतं, पोटातलं औषध बदलतं. म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरं मुलीकडून वाचून घ्या. ट्रॅमाडॉल, कोडीन, टॅपेंटाडॉल दिसलं तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. दारू किंवा झोपेच्या गोळीसोबत तर कधीच नाही. अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. आपली गोळी मुलांना देऊ नका. तापाची वेगळी गोळी चालू असेल तर पॅरासिटामॉल दुप्पट होतं, यकृताला इजा होते. बरेच दिवस घेत असाल तर एकदम तोडू नका, डॉक्टरांना विचारून कमी करा.

अफूचं औषध वाईटच, असं मात्र नाही. कॅन्सरच्या वेदनांत मॉर्फिन मोठा आधार आहे. ते रुग्णाला सहज मिळावं म्हणून २०१४ मध्ये कायदा बदलला. दुखणं सोसत बसू नका, फक्त गोळीत काय आहे ते विचारून घ्या.