धूर खरा, पण डोंगर कोणता?

न्यायशास्त्रातलं डोंगर आणि धुराचं उदाहरण आपल्या परिचयाचं आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे असं आपण अनुमान करतो. आज हेच उदाहरण अमेरिकेतल्या हमरस्त्यावर नेऊ. तिथे पोलिसांचं रडारसुद्धा अनुमानच करतं.

कसं, ते बघा. रडार रेडिओलहर सोडतं, ती गाडीवर आपटून परत येते. गाडी जवळ येत असेल तर परतलेल्या लहरीची कंपनं थोडी वाढतात. हे तत्त्व ख्रिश्चन डॉप्लर यांनी 1842 साली प्रागमध्ये मांडलं. तीन वर्षांनी हॉलंडमध्ये बाइस बॅलट यांनी आगगाडीवर कर्णे वाजवणारे वादक बसवून आवाजाच्या बाबतीत ते पडताळून पाहिलं. आता रडारमध्ये हा फरक केवढा? सेकंदाला साडेदहा अब्ज कंपनांची लहर आणि ताशी 100 किलोमीटरने येणारी गाडी धरली, तर जेमतेम दोन हजार कंपनांचा! त्यावरून यंत्र वेग सांगतं.

1947 साली कनेक्टिकट राज्यातल्या ग्लास्टनबरी इथे पोलिसांनी हे यंत्र रस्त्यावर आणलं. आधी नुसती वाहतुकीची पाहणी आणि चालकांना ताकीद. फेब्रुवारी 1949 पासून मात्र त्या आकड्यावर खटले भरले जाऊ लागले. मग प्रश्न आला, प्रत्येक खटल्यात तज्ज्ञाला बोलावून डॉप्लर समजून घ्यायचा का? न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने 1955 साली सांगितलं, तत्त्व दर वेळी सिद्ध करायला नको. यंत्र नीट लावलं होतं आणि तपासलं होतं, एवढं दाखवा.

आपल्या भाषेत सांगायचं तर व्याप्ती मान्य झाली. पण पक्षाचं काय? धूर खरा, पण तो कुठल्या डोंगरावर? रडारचा झोत दूर जाताना पसरत जातो. त्यात मोटार असते, मागून येणारा मोठा ट्रकही असतो. आकडा कोणाचा, हे आकडा सांगत नाही.

1979 साली फ्लोरिडात हे चव्हाट्यावर आलं. मायामीच्या एका दूरचित्रवाणी वाहिनीने दाखवलं, की रडारने पामच्या झाडाचा वेग ताशी 86 मैल नोंदवला आणि एका घराचा 28 मैल! डेड काउंटीच्या न्यायालयाने त्याच वर्षी निकाल दिला, की ज्या रीतीने ही यंत्रं वापरली जात होती, त्या रीतीने मिळालेला पुरावा शंकेपलीकडचा नाही.

यातून डॉप्लर खोटा ठरला का? मुळीच नाही. यंत्र चालवणाऱ्यांच्या प्रशिक्षणावर मात्र भर आला. आधी पोलिसाने स्वतःच्या डोळ्यांनी गाडी हेरायची, तिच्या वेगाचा अंदाज करायचा आणि मग यंत्राचा आकडा त्याच्याशी जुळतो का पाहायचं. म्हणजे प्रत्यक्ष आधी, अनुमान नंतर.

ज्याला दंड भरायचा आहे, त्याला "हा आकडा माझाच कशावरून?" असं विचारण्याचा हक्क आहे. यंत्रं बदलली, तरी आपण हा प्रश्न सोडता कामा नये.